‘आत्या थकली आता’: घरी येणारी सिस्टर नेमकं काय बघते?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या आत्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसरा मजला, ५६ पायऱ्या. चार वर्षांपूर्वीपर्यंत आत्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन एका दमात वर यायची. मग पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून थांबायला लागली. मग दुसऱ्यावरही. मग गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायला लागली. घंटाळीच्या देवळात जाणं सुटलं, लग्नामुंजीला ‘तुम्हीच या जाऊन’ सुरू झालं. वय ८१. आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो, “आत्या थकली आता.”

हे ‘थकणं’ मोठं सोयीचं क्रियापद आहे. त्यात कुठल्या रोगाचं नाव नाही, कुणाची चूक नाही, म्हणून कुणाला काही करायलाही नको. डॉक्टरांकडे त्याच अर्थाचा एक भारदस्त शब्द आहे: ‘वयोमानानुसार’. गुडघे वयोमानानुसार, चक्कर वयोमानानुसार, भूक नाही तीही वयोमानानुसार. गेल्या वर्षी आत्या रात्री बाथरूमच्या दारात पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले, आणि केसपेपरवर पुन्हा तोच शब्द आला. त्यानंतर तिच्या फिजिशियननी एक सिस्टर सुचवल्या. इंजेक्शन द्यायला नव्हे, नुसत्या घरी येऊन बघायला. आतेभाऊ म्हणाला, “नुसतं बघायचे पैसे?” मलाही तेच वाटलं होतं. सिस्टरांनी काय काय बघितलं ते कळल्यावर हा लेख लिहावासा वाटला. आत्याची परवानगी आहे. “लिही, पण माझं नाव नको, आणि शुद्धलेखन तपासून घे,” एवढीच अट.

आधी ‘थकणं’ म्हणजे काय ते. म्हातारपणाचे डॉक्टर ज्याला फ्रेल्टी म्हणतात ती नुसती अशक्तपणाची भावना नाही, ती मोजता येते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा ठरवल्या. वर्षभरात काही न करता साडेचार किलोच्या वर वजन उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, आणि एकूण हालचालच कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर त्या वाटेवर. आत्याच्या घरी वजनकाटा नव्हता, पण तिच्या बांगड्या होत्या. ज्या बांगड्या चढवताना साबण लागायचा त्या हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळायच्या. आम्ही ते रोज बघत होतो आणि कुणालाच दिसत नव्हतं.

ही फ्रेल्टी म्हणजे वय नव्हे, आणि एखादा रोगही नव्हे. तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणारे नव्वदीचे गृहस्थ आहेत आणि पासष्टीतच सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकणारेही आहेत. फरक आहे तो शरीराच्या गंगाजळीचा. तरुणपणी स्नायू, मूत्रपिंड, तोल, मेंदू अशा प्रत्येकाकडे गरजेपेक्षा बरीच जास्त ताकद शिलकीत असते. तिशीतल्या माणसाला जुलाब झाले तर दोन दिवस ओआरएस पिऊन तिसऱ्या दिवशी तो ७:५२ ची लोकल पकडतो. फ्रेल माणसाला तेच जुलाब झाले की अंगातलं पाणी कमी पडतं, उभं राहिल्यावर बीपी घसरतं, चक्कर येते, पडायला होतं, खुबा मोडतो, आणि मग अंथरूण. जुलाब साधेच असतात, पण खात्यात शिल्लक नसते.

आणि ही शिल्लक थोडीफार परत भरता येते. सगळी नाही, पण काठावरचा माणूस मागे फिरतो हे दिसून आलेलं आहे. व्यायाम, पुरेशी प्रथिनं, नको असलेल्या गोळ्या कमी करणं, दात, डोळे, कान यांच्याकडे बघणं, असे अगदी कंटाळवाणे उपाय आहेत. ‘वयोमानानुसार’ म्हटलं की हे सगळं करायचं राहून जातं, हीच माझी त्या शब्दाबद्दलची तक्रार.

आता ती पहिली भेट. सिस्टर कळव्याहून स्कूटीवरून आल्या. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम झालेल्या, बरीच वर्षं वॉर्डात काम केलेल्या. वर आल्या आल्या पहिलं वाक्य, “दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय का?” गेला होता. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून सोसायटी सहा महिने कशालाच हात लावत नव्हती.

“कशा आहात आजी?”

“आजी नको, बाई म्हणा. ३८ वर्षं शिकवलंय मी.”

“बरं बाई. मला पाणी द्याल का जरा?”

आतेभावाच्या पत्नी, आमच्या वहिनी, उठायला लागल्या तर सिस्टरांनी डोळ्यांनीच त्यांना बसवलं. आत्या खुर्चीतून उठली, आधी दोन्ही हात मांड्यांवर रेटून, मग टेबलाची कड धरून. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, भिंतीला हात लावत वळली. तेवढ्यात सिस्टरांची अर्धी तपासणी झाली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तेच रीतसर करून घेतलं: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तीन मीटर म्हणजे दोन फुटी लाद्या असतील तर पाच लाद्या. १२ सेकंदांच्या आत जमलं तर ठीक, जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. आत्याला १९ लागले. ही चाचणी कुणाच्याही घरी, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर होते. फक्त बाजूला कुणीतरी उभं असावं.

मग बीपी. ते त्यांनी आत्याला पाच मिनिटं आडवं करून घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. आडवं असताना वरचं १४६. उभं राहिल्यावर ११८, आणि आत्याने पलंगाची दांडी घट्ट धरलेली. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. दवाखान्यात हे कधी दिसलंच नव्हतं, कारण तिथे बीपी बसवूनच घेतात. त्यातून आत्या दवाखान्यात पोचायची ती ५६ पायऱ्या उतरून, गोखले रोडवर रिक्षात पाऊण तास अडकून, भेदरलेली. तिथे १७० यायचं. डॉक्टरांनी त्या आकड्यावर एक गोळी वाढवली. कागदावर ते बरोबरच होतं. ती गोळी मात्र रात्री दोन वाजता, झोपेतून उठून बाथरूमकडे निघालेल्या बाईचं बीपी खाली ओढत होती. कपाळावरच्या चार टाक्यांमागे हेही एक कारण असणार, असं डॉक्टरांनी नंतर फोनवर मान्य केलं.

“गोळ्या कुठे ठेवता, बाई?”

श्रीखंडाच्या डब्यात. सिस्टरांनी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला आणि एकेक पट्टी वाचायला घेतली. वरचं मोठं नाव नाही, खालचं बारीक अक्षरांतलं औषधाचं मूळ नाव. तिथे लागला पत्ता. बीपीची एकच गोळी, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, एक फिजिशियनकडची आणि एक टाके घातले तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावरची. आत्या दोन्ही घेत होती, शाळेतल्या शिस्तीने, वेळच्या वेळी. शिवाय केमिस्टकडून आणलेली सर्दीची गोळी होती, ‘जरा झोपही लागते’ म्हणून रोज रात्री चालू असलेली. सर्दीच्या जुन्या गोळ्यांमध्ये असलेल्या क्लोरफेनिरामिनसारख्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते, कधी डोक्यात गोंधळही होतो. सिस्टरांनी एकही गोळी स्वतः बंद केली नाही, हे मुद्दाम सांगतो. तो त्यांचा अधिकार नाही आणि चांगली नर्स तो घेत नाही. पट्ट्यांचे फोटो काढले, डॉक्टरांना पाठवले, आडव्या-उभ्या बीपीचे आकडे कळवले. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं आणि दोन गोळ्या गेल्या.

खाण्याचं त्यांनी असं विचारलं नाही की ‘जेवता ना नीट?’ त्या प्रश्नाला महाराष्ट्रातली कुठलीही म्हातारी ‘हो’च म्हणते. त्यांनी विचारलं, काल सकाळपासून काय काय पोटात गेलं. चहा-खारी, अर्धी पोळी दुधात कुस्करून, दुपारी चहा-बिस्किट, रात्री मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी. वर आठवड्यात सोमवार आणि महिन्यात चतुर्थी. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ४५ किलोच्या आत्याला ४५ ते ५४ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरच करतील.) एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढंच. आदल्या दिवशीची बेरीज २० च्या पुढे जात नव्हती. सिस्टरांनी शिंप्याची टेप काढून पोटरीचा घेर मोजला: साडेएकोणतीस सेंटीमीटर. ३१ च्या खाली गेला की स्नायू झिजल्याचा संशय घेतात.

पण उसळ, भाकरी का सुटली? आम्ही धरून चाललो होतो की म्हातारपणी मऊच खावं लागतं. सिस्टरांनी बेसिनवरच्या पेल्यात पडलेली कवळी बघितली आणि म्हणाल्या, “ही घालत नाही का?” वजन उतरलं, हिरड्या बसल्या, कवळी सैल झाली, टोचायला लागली, म्हणून काढून ठेवली, म्हणून मऊच खायचं, म्हणून वजन आणखी उतरलं. हे चक्र कुठून तोडायचं तर दातांच्या डॉक्टरांकडून, टॉनिकच्या बाटलीने नव्हे. टॉनिकच्या तीन बाटल्या घरात होत्याच, भाच्यांनी प्रेमाने आणलेल्या. त्यातली एक माझी.

बाथरूममध्ये त्यांनी टॉवेलचा रॉड हलवून बघितला. एका स्क्रूवर लटकत होता, आणि आत्या त्याचाच आधार घेऊन उठायची. टॉवेलचा रॉड टॉवेलचं वजन पेलायला असतो. माणसाला धरायला वेगळा दांडा मिळतो, तो प्लायवुडवर नाही, भिंतीत भोक पाडून प्लग आणि स्क्रूने पक्का बसवायचा. दारातलं गोधडीचं पायपुसणं उचलून बाजूला केलं, तळ झिजलेल्या रबरी चपला दाखवल्या, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर झिरोचा बल्ब ठेवायला सांगितलं. सगळ्याचा खर्च आम्ही त्या वर्षी टॉनिकवर केला होता त्यापेक्षा कमी.

शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवून दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटं. आत काय झालं ते आत्यानेच पुढे सांगितलं. तिला वर्षभर लघवी धरवत नव्हती. दुपारी चारनंतर ती पाणी पीतच नव्हती. कार्यालयात बाथरूम कुठे, किती लांब, भारतीय की कमोड, या भीतीने तिने लग्नं सोडली होती. देऊळही त्याचसाठी. आम्ही ज्याला ‘थकली’ म्हणत होतो त्यातला मोठा भाग लाजेचा होता, आणि ती लाज ती भाच्याला किंवा लेकाला सांगणार नव्हती, दवाखान्यात सहा मिनिटांत दाराशी पुढचा पेशंट उभा असताना तर नाहीच. यावर इलाज असतो, बऱ्याचदा साधा: ओटीपोटाचे व्यायाम, ठरावीक वेळाने जाऊन येणं, संसर्ग आहे का ते बघणं, पाणी दिवसाच्या पूर्वार्धात जास्त पिणं. पाणी तोडणं हा इलाज नाही, त्याने बीपी आणखी पडतं आणि बद्धकोष्ठ वाढतो.

या एका भेटीवरच थांबलो असतो तर माझ्या मते अर्धे पैसे पाण्यात गेले असते. भेटीचा खरा उपयोग दुसऱ्या, तिसऱ्या वेळी होतो, तोही तीच व्यक्ती आली तर.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी आत्या वहिनींना विचारायला लागली, “मधल्या सुट्टीची घंटा झाली का?” रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाली. सकाळी पुन्हा शांत, जरा पेंगुळलेली. ताप नाही. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द, अल्झायमर. सिस्टर दुसऱ्या दिवशी यायच्याच होत्या. त्यांनी वही उघडली. “दहा दिवसांपूर्वी बाईंनी मला वाराची, तारखेची, पंतप्रधानांची सगळी उत्तरं दिली होती. हे म्हातारपण नाही. हे दोन दिवसांतलं आहे. आजच डॉक्टरांना फोन करा.” लघवीचा संसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात घंटा, मुंग्या सगळं गेलं.

याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. हा मात्र तासा-दिवसांत येतो, आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. फ्रेल माणसाला संसर्ग झाला की ताप यायलाच हवा असं नाही. कधी कधी पहिली खूण म्हणजे बरळणं, किंवा उलट, एकदम गप्प होऊन झोपून राहणं. ती दुसरी तऱ्हा जास्त फसवी, कारण घरातल्यांना वाटतं आज बरी झोप लागली. ‘नेहमीपेक्षा वेगळं’ ओळखायचं तर ‘नेहमीचं’ काय ते कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. म्हणून सिस्टरांची ती २०० पानी वही. वजन, आडवं-उभं बीपी, पाच लाद्यांचे सेकंद, शौच, झोप, कुठल्या मजल्यावर थांबा. फ्रिजवर ठेवलेली असते, डॉक्टर बदलला तरी ती तीच.

परदेशात याचा अभ्यास झाला आहे. घरोघर जाणाऱ्या नर्सची व्यवस्थित सुरुवात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला १८५९ मध्ये झाली. विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने आजारी बायकोच्या शुश्रूषेसाठी नर्स ठेवली होती. बायको गेल्यावर त्याने त्याच नर्सला गरीब वस्तीतल्या घरी पाठवायला सुरुवात केली आणि पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने ते काम वाढवलं. फ्रेल होण्याच्या आधीच भेटत राहायची कल्पना मात्र अलीकडची. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या रॉदोव्रं इथे ७५ वर्षांवरच्या लोकांच्या घरी तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी कुणीतरी जात राहिलं. १९८४ मध्ये निकाल छापून आला: भेटी मिळालेल्यांना रुग्णालयात कमी वेळा जावं लागलं. पुढे १९९८ पासून डेन्मार्कभर ७५ च्या वरच्यांना वर्षातून दोन भेटी देऊ करणं नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक झालं. नंतर वयाचे आणि भेटींचे नियम बदलत गेले.

अमेरिकेत सांता मोनिका शहरातला अभ्यास १९९५ चा. तिथे ७५ च्या वरच्या लोकांकडे खास शिकलेल्या नर्स दर तीन महिन्यांनी जात. तीन वर्षांनी आंघोळ, कपडे, उठणं-बसणं यांसाठी दुसऱ्याची मदत लागणारे भेटी मिळालेल्यांत १२ टक्के होते, न मिळालेल्यांत २२ टक्के. कायमचे नर्सिंग होममध्ये गेलेले ४ टक्के विरुद्ध १० टक्के.

पण सगळ्या अभ्यासांचं गोड नाही. बऱ्याच ठिकाणी घरभेटींनी काहीच फरक पडला नाही. २००२ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा थोडा उलगडा झाला. जिथे शरीर, मन, औषधं, घर असं सगळं मिळून बघितलं आणि मग पुन्हा पुन्हा भेटी दिल्या, तिथे उपयोग झाला. एकदाच जाऊन फॉर्म भरून आले, तिथे नाही. आणि जी माणसं आधीच अगदी शेवटाला टेकलेली होती त्यांच्यात हा फायदा दिसला नाही, तो दिसला अजून बऱ्यापैकी हिंडत्या-फिरत्या माणसांत.

हे वाचून मी जरा थबकलो, कारण आपल्याकडे नेमकं उलट चालतं. आपण नर्स-आया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करतो तो माणूस अंथरुणाला खिळल्यावर. तोपर्यंत ‘अजून तसं काही झालं नाही’. बोलवायची वेळ ती, जेव्हा आत्या पहिल्या मजल्यावर पहिल्यांदा थांबली. किंवा पिशवी दोरीने सोडायला लागली तेव्हा. घरात पहिलं ‘तुम्हीच या जाऊन’ ऐकू आलं की कॅलेंडरवर खूण करावी, असं मी आता सगळ्यांना सांगतो आणि थोडा कंटाळवाणाही झालोय.

खिळलेल्या माणसालाही नर्स हवीच, फक्त तिथे काम वेगळं. पाठीची, टाचांची कातडी बघणं (लाल डागावर बोट दाबून सोडलं आणि तो पांढरा न होता लालच राहिला तर ती बेडसोअरची सुरुवात), साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना शिकवणं, लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली टांगणं, नाकातल्या नळीतून भरवताना उशाकडची बाजू उंच ठेवणं आणि भरवल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवणं. हे सगळं घरचे शिकू शकतात. नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, सलाइन हे नर्सचं, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

नर्स कोण आणि कोण नाही, इथे ठाण्या-नवी मुंबईत मोठा घोळ आहे. पांढरा कोट घातला की सगळ्याच ‘सिस्टर’. आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, सोबत बसणं ही कामं करणाऱ्या मावशी किंवा आया वेगळ्या. त्यांचं काम हलकं नाही, बारा-बारा तासांचं असतं, आणि त्यांच्यावाचून इथली निम्मी घरं चालणार नाहीत. पण त्यांचं शिक्षण नर्सिंगचं नसतं. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, आणि नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणीचा कागद मागायला लाजू नये. खरी नर्स तो दाखवायला लाजत नाही.

का मागायचा ते नेरुळच्या आमच्या शेजारी घडलं. एका ब्युरोने ‘नर्स’ म्हणून पाठवलेली मुलगी प्रत्यक्षात आया होती. गरीब, कष्टाळू, आणि ‘येत नाही’ म्हणायला घाबरणारी. काकांना इन्सुलिन द्यायचं होतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. बाटली १०० ची होती, सिरिंज घरात पडलेली लाल टोपीची. २० युनिट लिहिले होते, तिने सिरिंजच्या २० च्या रेघेपर्यंत भरलं. लाल सिरिंजची २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलीलीटर, आणि १०० च्या बाटलीतल्या अर्ध्या मिलीलीटरमध्ये ५० युनिट. अडीचपट. काकांना दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली. काकूंनी वेळेत साखरेचं पाणी पाजलं आणि १०८ ला फोन केला म्हणून निभावलं. त्या मुलीला दोष द्यायला माझं मन धजत नाही. तिला ‘नर्स’ म्हणून पाठवणाऱ्याने तिची चौकशी केली नाही, आणि आम्ही कुणी टोपीचा रंग बघितला नाही.

सरकारी बाजूला काय आहे? ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जावं असं त्यात लिहिलेलंच आहे. म्हणून आपल्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन आशाताई किंवा एएनएम यांना एकदा नाव-पत्ता देऊन यावं. मागणी नोंदवल्याशिवाय कुणी येत नाही. ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं. पाच लाखांपर्यंतचं ते संरक्षण रुग्णालयात भरती झाल्यावरचं आहे, घरी येणाऱ्या नर्सचं नाही. लोक यात गोंधळतात. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर मिळते, फोन फुकट आहे.

घरभेटींचं देशातलं सगळ्यात चांगलं काम बघायचं तर केरळात. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशामक उपचारांचं क्लिनिक सुरू झालं, पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींच्या नर्स घरोघर जायला लागल्या. तिथे नर्सबरोबर बऱ्याचदा त्याच वाडीतलं कुणीतरी ओळखीचं असतं. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, नवी मुंबईत विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे दुपारी पत्ते आणि कॅरम जोरात चालतो. जो भिडू चार दिवस आला नाही त्याच्याकडे चौकशीला जायची पद्धत काही ठिकाणी आहेच. तिला एका नर्सची जोड मिळाली तर अर्धं केरळ इथेच होईल, असं मला आपलं वाटतं.

एक गोष्ट राहिली, ती वहिनींची. तिसऱ्या भेटीत सिस्टर बूट घालता घालता वहिनींना म्हणाल्या, “आणि तुम्ही रात्री किती वेळा उठता?” वहिनी काही बोलल्या नाहीत, पदराने चष्मा पुसत राहिल्या. त्या दिवशीच्या पानावर आत्याच्या बीपीच्या खाली वहिनींचंही बीपी लिहिलं गेलं, १५८. आता शनिवारी रात्री आतेभाऊ आत्याच्या खोलीत झोपतो.

आत्या सध्या खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम करते, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा, मोठ्याने मोजत. कवळी नवीन आली. पाच लाद्यांना परवा १४ सेकंद लागले. रिडेव्हलपमेंटचं अजून भिजत घोंगडं आहे, दुसऱ्या मजल्यावरचा बल्ब मात्र आतेभावाने स्वतःच बदलला. वही आत्या रोज वाचते. सिस्टरांनी ‘मुत्र’ असं लिहिलं होतं, त्यातला मु तिने लाल पेनने दीर्घ केलाय आणि समासात सही केलीय.